सतरा नंबरची यादी

आमच्या शाळेत दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर एक यादी निघते. ती फळ्यावर लागत नाही, नोटीसबुकात येत नाही, पण शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असते. नववीतली जी मुलं पुढच्या वर्षी बोर्डात आपटतील असं वाटतं, त्यांची ती यादी. त्यांच्या आईवडिलांना बोलवायचं, गोड बोलायचं, पोराचा दाखला हातात ठेवायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा. बाहेरून बसलेलं पोर नापास झालं तर तो शाळेचा नापास धरत नाहीत. गेटवरच्या बॅनरवरचे शंभर टक्के जिथल्या तिथे राहतात. आणि यादीत कोण जाणार हे बहुतेक वेळा गणितच ठरवतं. म्हणजे मीच ठरवते.

मी डोंबिवलीची, शाळा कोपरीची. मराठी शाळा, त्यामुळे मुलं दरवर्षी कमी होत चाललेली. एक तुकडी तुटली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मग त्याला उचलून जिल्ह्यात कुठेही टाकतात. आमच्यातले एक सर असेच खडवलीच्या पुढच्या एका शाळेत गेले, अजून फोनवर रडतात. या संस्थेत मी उशिरा लागलेली, म्हणून ज्येष्ठता यादीत शेवटची मीच. तेव्हा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे असं हेडसर म्हणाले की मान हलवणाऱ्यांत मीही असायचे. उगाच आव कशाला आणू?

तर एक मुलगी. खाडीकडच्या कोळीवाड्यातली. आजा अजून होडी घेऊन खाडीत जातो, बाप महापालिकेत कंत्राटी, आई बाजारात मासळी विकते. पोरगी उंचनिंच, गप्प, अक्षर टपोरं. गणित वाचताना पट्टी घेऊन शब्दांखाली रेघा मारायची सवय. नववीच्या दुसऱ्या सत्रात मी वर्गात एक गणित घातलेलं. सहलीला एकूण अठ्ठेचाळीस जण गेले, मुली मुलांच्या दुपटीपेक्षा तीनने जास्त, तर मुलगे किती? हिने उत्तर काढलं नव्व्याण्णव.

माझं डोकंच सटकलं. माझी जीभ तशी तिखट आहे, वर्गात तर फारच. मी म्हटलं, "अगं, अठ्ठेचाळीस जणांच्या सहलीत नव्व्याण्णव मुलगे? बाकीचे काय बसच्या टपावर बसून गेले?" वर्ग खो खो हसला. ती हसली नाही, रडलीही नाही. वही पुढे करून म्हणाली, "बाई, 'दुप्पट' आहे म्हणून दोनने गुणलं. 'जास्त' आहे म्हणून तीन मिळवले. तुम्हीच पाचवीत सांगितलेलं ना?"

सांगितलेलं गं, सांगितलेलं. पाचवीच्या वर्गात माझा एक तक्ता होता. खुणेचे शब्द. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' की वजाबाकी, 'प्रत्येकी' की भागाकार, 'दुप्पट' की गुणा दोनने. गणित समजो न समजो, शब्द शोधा, क्रिया करा, मार्क घ्या. रंगीत खडूंनी काढलेला. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याचं केवढं कौतुक झालेलं! शेजारच्या शाळांतल्या बाया मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेल्या. मला वाटलेलं, आपण गड जिंकला. पाचवी-सहावीत चालतंही ते, कारण तिथली गणितंच तशी बेतलेली असतात. नववीत समीकरणं आली की शब्द दगा देतात. आणि ही पोरगी माझी सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थिनी निघाली. चार वर्षं तिने मी दिलेलंच धरून ठेवलेलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सगळेच असं शिकवतात, तू काय एकटी आहेस? तेच तर. सगळेच असं शिकवतात आणि वर्षाच्या शेवटी यादी करतात.

एप्रिलच्या परीक्षेत तिला गणितात शंभरपैकी एकोणीस पडले. यादीत पहिलं नाव तिचं. मी हेडसरांकडे गेले आणि म्हटलं, फेरपरीक्षेपर्यंत थांबा, मे महिनाभर मी हिला शिकवते. ते हसले. "तुमची हौस, बाई. पण जूनमध्ये पस्तीस नसतील तर मला काही सांगायला येऊ नका." आमचे दुसरे गणिताचे सर, तरुण आहेत पण संस्थेत माझ्याआधी लागलेले, चांगले आहेत, त्यांनी मला बाहेर गाठलं. म्हणाले, "बाई, डोकं लावू नका. चार प्रमेयं पाठ करून घ्या, रचना काढून घ्या, रिकाम्या जागा भरायच्या कृती घोटून घ्या. पस्तीस कुठे गेले नाहीत."

खरं होतं त्यांचं. पस्तीस कुठे गेले नव्हते. एका महिन्यात एकोणिसाचे पस्तीस मी डोळे मिटून केले असते, कित्येकांचे केलेत. पण त्या नव्व्याण्णव मुलग्यांनी माझी झोप घालवलेली. मी ठरवलं, घोटून घ्यायचं नाही, विचार करायला शिकवायचं. माझं पाप मीच निस्तरायचं. हट्ट म्हणा, माज म्हणा. पणाला मात्र ती लागलेली, मी नव्हे, आणि ते मला तेव्हा नीट दिसलं नाही.

मे महिन्यात शाळा बंद. शिपाई सकाळी नऊला गेट उघडायचा, आम्हाला आत घ्यायचा आणि बाहेरून कुलूप लावून आपल्या कामाला निघून जायचा. बाराला यायचा. आम्ही दोघी पहिल्या मजल्यावरच्या एका वर्गात. शेजारी टॉवरचं काम चाललेलं, धूळ येते म्हणून त्या बाजूच्या खिडक्या खिळे मारून बंद केलेल्या. पंखा एकच चालू. पहिल्या दिवशी ती बाकावर बसून म्हणाली, "बाई, आग लागली तर आपण कुठून जायचं?" मी म्हटलं, "गप गं, शुभ बोल." पण मग रोज खाली गेटकडे जाणाऱ्या एकुलत्या जिन्याकडे माझं लक्ष जायचं.

पहिले चार दिवस मी तिला पेन हातात धरू दिला नाही. गणित वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मला गोष्ट सांगायची. कोण आहे, कुठे आहे, काय चाललंय. तिला सुरुवातीला आकडेच आठवायचे. "अठ्ठेचाळीस, दोन, तीन." अगं, माणसं कुठे गेली? बस कुठे आहे? डोळे मिट आणि बघ. मुली जास्त दिसतायत की मुलगे? ती डोळे मिटून बसायची. एकदा एवढा वेळ बसली की मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मुली खूप जास्त आहेत, बाई. मुलगे मागच्या दोन-तीन सीटवर."

मग अंदाज करायचा. चुकला तरी चालेल, पण करायचा. दहा मुलगे धर. मग मुली किती? तेवीस. मिळून तेहतीस. कमी पडतात. वीस धर. त्रेसष्ट, जास्त झाले. पंधरा धरल्यावर जुळलं तेव्हा ती ओरडलीच, "आयला!" आणि जीभ चावली. मी म्हटलं, ओरड, इथे कोण ऐकतंय? आठवड्याभराने मी तिला सांगितलं, क्ष म्हणजे दुसरं काही नाही, न केलेला अंदाज आहे. दहा नको, वीस नको, क्ष धर आणि जे दहाचं केलंस तेच क्षचं कर. नववीचं वर्षभर जे तिच्या टाळक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका सकाळी शिरलं. माझ्याही, खरं सांगायचं तर. मी इतकी वर्षं 'क्ष मानू' असं फळ्यावर लिहीत आले आणि का मानू, हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

एक नियम आम्ही दोघींनी केलेला. गणितातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे दिलेलं आहे की आपण मानलेलं? दिलेलं असेल तर कुठे दिलंय ते दाखवायचं. तिला तो फार आवडला. डब्याच्या वेळीही चालू. "बाई, आज तुम्ही चपातीच आणली असणार, हे मी मानलंय."

सगळ्यात कठीण गेलं ते माझं मलाच. ती अडली की माझ्या हाताला कंड सुटायची. खडू उचलून दोन ओळींत दाखवून टाकावं! मी खडू मुठीत घट्ट धरून मूग गिळून बसायचे. एका गणिताला चाळीस मिनिटं. कधी पाऊण तास. मी सारखी घड्याळाकडे बघायचे, कारण फेरपरीक्षेचा पेपर तीन तासांचा आणि त्यात गणितं ढीगभर. विसाव्या दिवशी मी मागे फिरू शकले असते. प्रमेयं काढली असती तर दहा दिवसांत आटोपली असती. त्या दिवशी मी तिला म्हटलंही, "उद्यापासून थोडं पाठांतर करूया." ती म्हणाली, "बरं." पण वही मिटताना म्हणाली, "बाई, आता कुठे मजा यायला लागलेली." दुसऱ्या दिवशी मी पाठांतर काढलं नाही.

फेरपरीक्षेचा पेपर मीच काढायचा होता. नियमात राहून जेवढं तिच्या बाजूने करता येईल तेवढं केलं. मुद्दाम एक होडीचं गणित घातलं, चार मार्कांचं. होडीवाल्याची नात, हे तरी तिच्या घरचंच गणित! होडीचा संथ पाण्यातला वेग ताशी सहा किलोमीटर, प्रवाहाचा वेग ताशी दोन किलोमीटर, होडी प्रवाहाच्या दिशेने निघाली, तर आठ तासांत किती अंतर जाईल? सहा आणि दोन आठ, आठ गुणिले आठ, चौसष्ट. उत्तरसूचीत मी चौसष्ट लिहिलं आणि पाकीट बंद करून ऑफिसात दिलं. हसू येत होतं मला. म्हटलं, हे चार तर खिशातच.

पेपर तपासायला घेतले तेव्हा तिचा सगळ्यात आधी काढला. बरंच कोरं होतं. जे सोडवलेलं ते मात्र एकूण एक बरोबर, पडताळ्यासकट. मी मार्क जोडत गेले. अंतर्गतचे धरून बत्तीस झाले, होडीचं गणित बाकी. पान उलटलं. उत्तर छप्पन्न.

मी परत परत वाचलं. तिने लिहिलेलं, पहिले सहा तास होडी पाण्याबरोबर जाते, वेग आठ, अंतर अठ्ठेचाळीस. सहा तासांनी पाणी फिरतं. मग होडी पाण्याच्या उलट, वेग चार, दोन तासांत आठ. मिळून छप्पन्न. खाली आकृती काढलेली, खाडीची, बाण दाखवून. कडेला लिहिलेलं, 'आठ तास एकाच दिशेला पाणी जात नाही.'

मी कपाळावर हात मारला. भरती-ओहोटी! अख्खं आयुष्य खाडीच्या काठावर गेलं माझं, शाळेच्या गच्चीवरून खाडी दिसते, आणि पेपर काढताना माझ्या डोक्यात कुठलीतरी पुस्तकातली नदी. मीच तिला महिनाभर सांगत होते, डोळे मिट आणि बघ, खरं काय चाललंय ते बघ. तिने बघितलं. तिच्या डोळ्यांपुढे जे पाणी होतं तेच तिने सोडवलं, आणि माझ्या गणितापेक्षा अवघड गणित सोडवलं. मी चारपैकी चार दिले. छत्तीस. मला रडू येत होतं आणि हसूही.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावलं. तरुण सरांनी पेपर फेरतपासले होते, ते खाली मान घालून उभे. समोर तिचा पेपर आणि माझी उत्तरसूची.

"बाई, चौसष्टचे छप्पन्न कधी झाले?"

मी समजावलं. तावातावाने समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पेपरात खाडी कुठे लिहिलीय?"

"पेपरात नदी तरी कुठे लिहिलीय?"

"मग नदी धरून चौसष्ट कोणी लिहिलं? अक्षर कोणाचं?"

माझंच होतं. मी म्हटलं, सूचीत चूक झाली, माझी चूक, मी लिहून देते. ते म्हणाले, "द्या लिहून. पेपर काढणाऱ्या शिक्षिकेने एका मुलीसाठी उत्तर बदललं, असं मी वर कळवतो." मी म्हटलं, मग तीन मार्क ग्रेसचे द्या, तुमच्या हातात आहे. तेव्हा ते पहिल्यांदा खरं बोलले. "बाई, मार्कांचं कुठे घेऊन बसलात? बत्तीसला तीन तास लागले तिला. बोर्डात दोन तासांचा पेपर असतो. ती बसेल आपल्याकडून आणि पडेल. पुढच्या वर्षी आठवीची एक तुकडी टिकेल की नाही सांगता येत नाही. अतिरिक्त कोण ठरणार, मी सांगायला हवं का?"

पंखा फिरत होता. तरुण सर माझ्याकडे बघेनात. मला अजून बरंच बोलायचं होतं, पण सुरीसारखी चालणारी माझी जीभ फक्त वर्गातल्या पोरांवरच चालते. घराचा हप्ता, खडवलीच्या पुढची ती शाळा, निवृत्तीला राहिलेली सहा वर्षं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी पेन काढला, चार खोडले, शून्य लिहिलं आणि शेजारी सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. मी केलं.

चार दिवसांनी तिची आई आली. बाजारातून थेट आलेली, हात पदराला पुसत. ऑफिसच्या दारातच मला म्हणाली, "बाई, पोरगी बोलते, पेपर बरा गेला. मग काय झाला?" मी सांगितलं, थोडक्यात गेलं, काळजी करू नका, बाहेरून बसवू, मी घरी येऊन शिकवेन. बोलताना मला माझाच आवाज हेडसरांसारखा वाटत होता. ती म्हणाली, "तुम्ही शिकवाल ना? मग मना काय कलत नाय त्यातला. तुम्ही बोलाल तसा."

क्लार्कने एक तयार कागद पुढे सरकवला. दाखल्यासाठी पालकांचा अर्ज. दरवर्षी याच्याच झेरॉक्स काढतात, नावाची जागा तेवढी मोकळी. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून पोरीने तो हातात घेतला. क्लार्क म्हणाला, "वाचायची गरज नाही, सही कुठे ते बघ." पण तिने वाचायला सुरुवात केली. सावकाश, एकेका ओळीखाली बोट ठेवून.

"घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास नियमित शाळेत पाठवणे शक्य नाही. तरी माझ्या विनंतीवरून तिचा दाखला मिळावा."

ती थांबली. पुन्हा पहिल्या वाक्यावर गेली. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, अगदी मे महिन्यात विचारायची तसंच, भांडणाचा सूर नाही, काही नाही, "बाई, हे दिलेलं आहे की मानलेलं? आमच्या घरी तर काही अडचण नाहीये. आणि आईने विनंती केली नाही."

आई तिच्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. क्लार्कने खुर्ची सरकवली.

"आणि बाई," ती कागद जवळ नेत म्हणाली, "हे तुमचंच अक्षर आहे ना?"

होतं. शाळेत नवीन लागले त्या वर्षी हेडसरांनी, तेव्हाच्या, मला तो मजकूर लिहायला दिलेला, माझं अक्षर चांगलं म्हणून. त्यानंतर किती पोरांच्या हाती तो गेला, मी कधी मोजलं नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती. तिला घाई नव्हती, चाळीस मिनिटं थांबायची सवय मीच लावलेली.

"ते तसंच लिहायचं असतं गं," मी म्हटलं.

तिने कागद आईपुढे ठेवला. आईने पेन घेतला, कागदावर इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "कुठं करू सही, बाई?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.